सभेची वेळ अकरा

…नाय पण मला एक सांगा, अकरालाच कायला? आठला का नाय, दहाला का नाय, संध्याकाळी सातला का नाय? कोणी ठरवलं हे अकरा? मी सरपंचाला विचारलं, ग्रामसेवकाला विचारलं, नवऱ्याला पण विचारलं, तर तो बोलतो, अकरा म्हणजे ऑफिसची वेळ. अरे, पण आमच्या पाड्यात ऑफिस आहे कोणाला? अकरा वाजता आमच्या पाड्यात कोण असतं तुम्हाला सांगते… म्हातारी माणसं असतात, एखादी बाळंतीण असते, कोंबड्या असतात आणि ज्याची कालची ताडी अजून उतरली नाय तो असतो. बाकीचा पाडा काळोखात उठून, भाकर बांधून, सहाला नाक्यावर, सव्वासहाला टेंपोत, आणि अकरा वाजता बोलाल तर तिकडे डहाणूच्या बाजूला कोणाच्या तरी वाडीत, हातात जाळीची काठी, मान वर, चिकू तोडतोय. आणि ग्रामसभा किती वाजता? अकरा वाजता.

आता तुम्ही बोलाल, ही लाडकी कधीपासून एवढी सभेवाली झाली? नाय हो, मला कसली हौस? मला सभेत एकच वाक्य बोलायचं होतं. एक! त्याच्यासाठी दीड वर्ष गेलं माझं.

झालं काय, माझी पोरगी शितल पंधरा सालात दहावी पास झाली. आमच्या घरात पहिली. पेढे आणले तर सासू बोलली, पोरगा झाला काय कोणाला? मी बोलली, पोरगी पास झाली, घ्या खा. मग अकरावीला तिचा नंबर लागला डहाणूला. आता डहाणू काय दिल्ली नाय, आमचा पाडा उधवा गावाच्या पुढे, सकाळी जायला एसटी आहे. पण कॉलेज सुटतं पाचला, आणि आमच्या रस्त्याला शेवटची गाडी येते साडेतीनला. आली की वळते आणि गेली, मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काय नाय. म्हणजे पोरीनं जायचं आणि यायचं नाय! मग काय करणार, हॉस्टेल. पत्र्याची ट्रंक घेतली, चादर घेतली, हाल्या तिला सोडून आला… हाल्या म्हणजे माझा नवरा… आणि आला तो जेवलाच नाय. बोलला, पोटात दुखतंय. पोटात कायचं दुखतंय, मला काय कळत नाय?

आणि तुम्हाला सांगते, या पोरीला एक सवय. बाहेरून आली की चपला काढायच्या आधी तोंड सुरू. बाई असं बोलल्या, ती अमकी रडली, गणिताच्या सरांची पँट फाटलेली… मी ओरडायची, अगं आधी पाणी तरी पी, माझं डोकं खाऊ नको. आता डोकं खायला कोणी नाय. मी आपली सवयीनं पाच भाकरी थापायची, दोन उरायच्या, त्या सकाळी हाल्याच्या डब्यात. चार दिवस त्यानं खाल्ल्या, पाचव्या दिवशी बोलला, लाडके, पोरगी हॉस्टेलला गेली, मी शिळं खायला लागलो. शनिवारी ती दुपारच्या गाडीनं यायची, रविवारी साडेतीनला परत. आणि रविवारी मी सकाळपासून रागावलेली असायची, कोणावर ते मला पण माहीत नाय. मला पोरगी रोज घरी पाहिजे होती, बस. एवढंच.

म्हणून गेली मी डेपोत. तिथले साहेब चांगले, बसा बोलले. मी सांगितलं, साहेब, संध्याकाळी एक गाडी द्या आमच्या पाड्याला, साडेसहापर्यंत पोचेल अशी. साहेब बोलले, "ताई, एका माणसाच्या सांगण्यावरून गाडी सुरू होत नाही, ग्रामसभेचा ठराव आणा." मला वाटलं, एवढंच ना? ठराव म्हणजे कागद. परवा आणते, बोलली मी. परवा!

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा. देश स्वतंत्र झाला म्हणून वाडीवाला सेठ आम्हाला सुट्टी देत नाय, चिकूला कुठे माहीत पंधरा ऑगस्ट. मी खाडा केला, एका दिवसाची मजुरी सोडली, चांगलं लुगडं नेसली आणि अकराच्या ठोक्याला ग्रामपंचायतीत जाऊन बसली. आमचे ग्रामसेवक धनेश भाऊसाहेब. माणूस वाईट नाय, चार गावं एकट्याच्या गळ्यात, आमच्याकडे फक्त गुरुवारी येतात. पण बोलतात कसे, एकेक शब्द वहीतून काढून, पुसून, मग देतात. उभे राहिले, मोजलं, सत्तावीस माणसं, त्यातली दोन झोपलेली. सभेला लागतात शंभर, त्याला ते गणपूर्ती बोलतात. अर्धा तास थांबले, घड्याळ बघितलं आणि… "गणपूर्तीअभावी… सभा… तहकूब करण्यात येत आहे." मी हात वर केला. बोलले, ताई, सभा तहकूब झाली. मी बोलली, पण माणसं आहेत ना बसलेली? बोलले, "माणसं आहेत. सभा नाही."

आठ दिवसांनी तीच तहकूब झालेली सभा परत. मी परत खाडा केला. या वेळी माणसं किती? नऊ! मी पिशवी उचलली घरी जायला, तर भाऊसाहेब बोलले, बसा ताई, सभा सुरू. मी बोलली, सत्तावीसला होत नाय आणि नऊला होते? तर बोलले, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. वा रे वा! मग पहिल्याच दिवशी का नाय तहकूब सभा घेत? बरं, मनात बोलली, आपल्याला काय, बसा. सगळे विषय झाले, शेवटी आला ऐनवेळचा विषय, मी उभी राहिली, तोंड उघडलं… "ताई, तहकूब सभेत नवीन विषय घेता येत नाही." म्हणजे बघा हां, जी सभा नवीन विषय घेते ती होत नाय, आणि जी होते ती नवीन विषय घेत नाय.

उपाय काय? तर आधी अर्ज द्या, मग विषय यादीत येतो. अर्ज लिहिला शितलनेच, शनिवारी, माझ्यापुढे बसून. कान्यामात्र्याची चूक नाय. लिहून झाल्यावर बोलली, आई, मीच मला घरी आणायचा अर्ज लिहिते, कसं वाटतं ते. आणि हसली. मला नाय हसायला आलं. तर तो अर्ज मी शुक्रवारी दिला, भाऊसाहेब येतात गुरुवारी, यादी लागली बुधवारी, दोन ऑक्टोबरची सभा गेली. मग सव्वीस जानेवारी. त्या यादीत माझा विषय आला, अकरावा. इथे पण अकराच! सभा पहिली तहकूब, मग आठ दिवसांनी परत, मी खाडा करून हजर. घरकुलाच्या यादीवर दोन तास भांडण, गटारावर एक तास, आणि गटार तर आमच्याकडे नायच आहे. नववा विषय संपला आणि सव्वातीनला भाऊसाहेबांनी वही मिटली. उरलेले विषय पुढच्या सभेत.

मी दारात आडवी आली. बोलली, भाऊसाहेब, कायला पण? दोनच विषय राहिले. तर बोलतात, ताई, माझी शेवटची गाडी साडेतीनला आहे.

ऐकलंत? मी बोलली, तुमची मोटारसायकल होती ना? बोलले, ती मुलगा कॉलेजला नेतो. त्यांचा पोरगा कॉलेजातून घरी यावा म्हणून ते एसटीनं येतात, एसटीनं येतात म्हणून सव्वातीनला उठतात, आणि ते उठतात म्हणून माझी पोरगी घरी येत नाय. मी बोलली, माझा विषय तोच आहे हो, संध्याकाळची गाडी, पाच मिनिटं बसा, पुढच्या वेळी तुम्हालाच उपयोगी पडेल. बोलले, विषय मला पटतो, पण गाडी थांबत नाही. आणि गेले.

तेव्हा मी ठरवलं, विषय राहू दे, आधी ही वेळ बदला. आमचे सरपंच विनोद. तरुण पोरगा, बीए, घरावर टीव्हीची छत्री. बाकीचे क्रिकेट बघतात, हा दिल्लीची संसद बघतो. दुपारी त्याच्या ओट्यावर गेलं की आतून आवाज… "बैठ जाइए, बैठ जाइए." मी बोलली, विनोददादा, सभा संध्याकाळी घ्या, माणसं घरी असतात तेव्हा. तर पाय हलवत बोलतो, "वहिनी, लोकसभासुद्धा अकराला बसते. पद्धत म्हणजे पद्धत." मी बोलली, दादा, दिल्लीतले लोक सहाला टेंपोत चढतात का? त्यावर बोलतो, तुम्हाला संसदीय कामकाज माहीत नाही. मग मला शिकवायला बसला. पहिला तास प्रश्नांचा, मग बारा वाजता शून्य प्रहर. मी बोलली, तो काय असतो? बोलला, त्यात कोणीही उठून आपल्या भागाचं दुखणं मांडू शकतो, आधी यादीत नसलं तरी. काय सांगू तुम्हाला, मला त्या शून्य प्रहराची अशी आस लागली… घरी येऊन हाल्याला बोलली, बघ, तिकडे असतो, आपल्याकडे नाय. तो बोलला, आपल्याकडे नुसतं शून्य आहे.

पण एकदा विनोदच्या तोंडून निघून गेलं, कधी कधी संसद रात्रीपर्यंत पण चालते. धरला मी त्याला! मग आपली संध्याकाळी का नाय? तर भाऊसाहेबांकडे बोट. भाऊसाहेब बोलले, संध्याकाळी सभा घेतली तर मी घरी कसा जाऊ, गाडी नाही. बघा आता. गाडी नाय म्हणून सभा नाय, सभा नाय म्हणून ठराव नाय, ठराव नाय म्हणून गाडी नाय! मे महिना गेला, ऑगस्ट गेला, ऑक्टोबर गेला. शितल बारावीत गेली. शनिवारी यायची ती पण आता पुस्तकात तोंड घालून, बोलणं कमी. आणि सभा किती वाजता? अकरा वाजता.

मग एक दिवस, थंडीचे दिवस, आम्ही नाक्यावर उभ्या, टेंपोला उशीर. माझी मैत्रीण रूपी, तिला सवय, टेंपो यायच्या आधी माणसं मोजायची, कोण राहिलं, कोण आजारी, कोण पळून गेलं. मोजून बोलली, एकशे बारा, आज तीन कमी. मी बोलली, परत बोल. एकशे बारा, बोलली. अगं बाय! शंभर लागतात ना? मग हे काय आहे? रोज सकाळी सहाला आमची ग्रामसभा नाक्यावर उभी असते, थंडीत कुडकुडत, डबा घेऊन, आणि हे लोक अकराला रिकाम्या खुर्च्या मोजतात.

गुरुवारी गेली भाऊसाहेबांकडे. बोलली, तुमच्या कायद्याच्या पुस्तकात अकरा कुठे लिहिलंय ते दाखवा. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं, पुढून शोधलं, मागून शोधलं, घाम आला माणसाला. वेळ कुठे सापडलीच नाय. बोलले, लिहिलेली नाही, पण… पंधरा वर्षं मी अकरालाच घेतोय. मी बोलली, मग सोळाव्या वर्षी सहाला घ्या. संध्याकाळचं नको, संध्याकाळी एकेक टेंपो एकेका वेळेला येतो, आल्यावर बायांना चूल आणि बाप्यांना ताडी. सकाळी सहा, नाक्यावर. बोलले, पण सहाला मी पोचणार कसा? मी बोलली, आदल्या दिवशी या, माझ्या घरी राहा. त्यांनी बीपीच्या गोळीचं सांगितलं, बायकोचं सांगितलं, मी बोलली, गोळी घेऊन या, बायकोला फोन मी करते.

आले खरंच. पंचवीस जानेवारी, दोन हजार सतरा. तांदळाची भाकर, सुकट, चवळीची भाजी केली. जेवले, हात धुतले, आणि मी त्यांना खाटेवर गोधडी घालून दिली तर बघत बसले. भिंतीवर शितलनं खडूनं कायकाय लिहून ठेवलंय, इंग्रजी शब्द, आवर्तसारणी का काय ते. विचारलं, ही खाट कुणाची? मी बोलली, पोरीची. आठवड्यातून एक दिवस वापरते. भाऊसाहेब बोलले, "माझा मुलगा रोज सात वाजता घरी असतो, ताई. मी कधी विचारच केला नाही."

पहाटे उठून बघते तर त्यांनी यादीत माझा विषय अकराव्यावरून एकवर आणलेला, स्वतःच्या हातानं.

नाक्यावर काळोख. टेंपोवाल्याला दिवे लावायला सांगितले, त्या उजेडात भाऊसाहेब वही वाचतात. सरपंच विनोद मफलर गुंडाळून, तोंडात ब्रश, संसदेत असं कधी बघितलं नव्हतं त्यानं. रूपीनं मोजलं, एकशे नऊ. गणपूर्ती झाली, भाऊसाहेब बोलले, आणि स्वतःच दचकले. मग विनोदनं ब्रश काढला, बोलला, "मांडा विषय, वहिनी."

आणि मला बोलताच येईना. दीड वर्ष घोकलेलं वाक्य, चांगलं लांबलचक होतं, त्यात विद्यार्थी होते, गैरसोय होती, सगळं होतं. सगळं गेलं. सगळा पाडा बघतोय. मी एवढंच बोलली, "माझी पोरगी संध्याकाळी घरी यायला पाहिजे."

कोणी हसलं नाय. हात वर झाले, डब्याच्या पिशव्यांसकट. भाऊसाहेबांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, पाड्यातील विद्यार्थ्यांच्या सोयीकरिता सायंकाळी एसटीची फेरी सुरू करण्यात यावी. मी बोलली, यात माझी पोरगी कुठे आहे? बोलले, ताई, आत आहे, कागदावर असंच लिहितात. टेंपोच्या बॉनेटवर वही ठेवून सह्या आणि अंगठे घेतले. बावीस मिनिटांत सभा खलास, ड्रायव्हर हॉर्न मारायला लागलेला.

झालं, ठराव गेला डेपोत. मग डेपोतून माणूस आला, रस्ता बघितला. दुसरा आला, गाडी वळायची जागा बघितली. तिसरा आला, आंब्याची फांदी आडवी येते बोलला, हाल्यानं तोडली. आठ महिने. मधे शितलची बारावी झाली आणि पोरगी आली घरी, ट्रंकेसकट. काय सांगू ते दिवस! सकाळ-संध्याकाळ तोंड सुरू, पाच भाकरी पुरेनात. मी डेपो विसरली, ठराव विसरली. कोणी विचारलं गाडीचं काय झालं, तर मी बोलायची, कुठली गाडी?

आणि तेवढ्यात आली ना गाडी. सप्टेंबरात, एका सोमवारी, संध्याकाळी साडेसहाला, मिनिटभर उशीर नाय. पाडा सगळा रस्त्यावर. नारळ फोडला, झेंडूचा हार घातला, विनोद लोकशाहीवर बोलला, भाऊसाहेबांनी रुमालानं डोळे पुसले. माझा सत्कार केला, नारळ दिला. पंधरा मिनिटं गाडी उभी राहिली, मग वळली डहाणूला जायला. आणि पहिली प्रवासी कोण चढली? शितल. ट्रंक घेऊन. नाशिकला नर्सिंगला नंबर लागलेला, तीन वर्षांचा. त्या रात्री डहाणूला मैत्रिणीकडे राहणार आणि पहाटे नाशिकची गाडी. खिडकीतून बोलते मला, "बरं झालं ना आई, तू गाडी आणलीस. नायतर मला दुपारीच निघावं लागलं असतं." माझ्या हातात नारळ. बोलली, पोचल्यावर फोन कर. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, माणसं घरी गेली, मी आपली उभी. मी गाडी मागितली पोरगी आणायला, आणि तिनं आल्या आल्या पोरगी नेली. भांडू कोणाशी? ठराव माझाच.

बरं, एवढ्यावर संपलं नाय. दोन महिन्यांनी डेपोतून निरोप, गाडीला माणसं नाहीत, फेरी बंद करावी लागेल. आणि बसणार कोण? सगळे येतात टेंपोनं, टेंपो फुकट. कॉलेजला जायला खालच्या पाड्यातल्या दोन पोरी आहेत, पण त्या अजून नववीत. मला झोप लागेना. पोरीला दिवाळीला सुट्टी नाय मिळाली, होळीला मिळेल बोलते, कधी पण मिळेल, अचानक मिळेल. आणि ती डहाणूला उतरली आणि गाडी नसली तर?

म्हणून मी आता काय करते, वाडीतून सुटली की टेंपोनं उधव्याला येते आणि तिथे उतरते. बाकीच्या बाया ओरडतात, लाडके, वेडी झाली काय, चढ ना. रूपी तर बोलते, मोजताना रोज एक कमी येतेस तू. हाल्या टेंपोतून हात हलवत पुढे जातो. मी थांबते, एसटी येते, हात करते, चढते. रिकामी गाडी, पाहिजे तिथे बसा. मी खिडकीला बसते, बाजूला पिशवी ठेवते. कंडक्टर येतो, भला पोरगा आहे, रोज मशीन हातात धरून विचारतो, "एकच ना मावशी?"

मी बोलते, एकच रे बाबा… सध्या एकच.